लठ्ठपणावर आहाराचा उपचार: कुठून आणि कशी सुरुवात करावी

माझी उंची १५८ सेंटीमीटर. चौथ्यांदा वजन उतरवायला घेतले तेव्हा काट्यावर ९२ किलो भरले होते. आधीच्या तिन्ही वेळी एकच क्रम झाला होता: कुणीतरी दिलेला तक्ता फ्रिजवर चिकटवायचा, तीन-चार आठवडे दात-ओठ खाऊन तो पाळायचा, पाच-सहा किलो उतरवायचे आणि पुढच्या सहा महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. चौथ्या वेळी चौदा महिन्यांत मी ७६ किलोंवर आले आणि गेली तीन वर्षे त्याच्याच आसपास आहे.

या वेळी माझी इच्छाशक्ती काही वाढली नव्हती. एका आहारतज्ज्ञ बाईंनी मला आहाराकडे औषधासारखे पाहायला शिकवले, एवढाच फरक. औषधाला मात्रा असते. ती माणसागणिक बदलते. ते चालू असताना लक्ष ठेवावे लागते. आणि दीर्घ आजाराचे औषध बरे वाटू लागले म्हणून बंद करायचे नसते. लठ्ठपणा हा दीर्घ आजार आहे, हे मला चाळिशीत कळले. तुम्हाला आजच कळावे म्हणून हे लिहीत आहे.

हा लेख प्रौढांसाठी आहे. लहान मुले, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांनी यातले काहीही स्वतःहून करू नये. ज्यांना ताबा सुटून एका बैठकीत भरमसाट खाण्याचा किंवा खाऊन मुद्दाम उलटी काढण्याचा त्रास आहे किंवा पूर्वी होता, त्यांनी आधी त्यावर उपचार घ्यावेत. अशा माणसाच्या हाती कॅलरींचा हिशेब दिला तर त्रास वाढू शकतो.

१. आधी दोन आकडे काढा

पहिला आकडा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा निर्देशांक. किलोंमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा. माझे गणित असे होते: ९२ भागिले १.५८, पुन्हा भागिले १.५८, म्हणजे जवळपास ३६.९. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात २५ पासून जादा वजन आणि ३० पासून लठ्ठपणा धरतात. आशियाई वंशाच्या लोकांत मधुमेहाचा आणि हृदयविकाराचा धोका याहून कमी आकड्यापासून वाढू लागतो, म्हणून त्यांनी २३ पासूनच सावध व्हावे असे सांगतात.

या एकाच आकड्यावर विसंबू नका. हे सूत्र १९ व्या शतकात बेल्जियमच्या आदोल्फ केतले यांनी मांडले, ते लोकसमूहांचा अभ्यास करताना. समोरच्या एका माणसाच्या अंगात चरबी किती आणि स्नायू किती, ती चरबी कुठे साठली आहे, हे त्यातून कळत नाही. म्हणून दुसरा आकडा पोटाचा घेर. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडा, टेप न आवळता मोजा. हा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. माझ्यासाठी ही हद्द ७९ सेंटीमीटर होती आणि माझा घेर भरला १०८. पोटाच्या आतली, यकृताभोवतीची चरबी सर्वांत घातक असते, त्यामुळे मला बीएमआयपेक्षा या आकड्याने जास्त जागे केले.

२. आहार बदलण्याआधी डॉक्टरांकडे जा

ही पायरी लोक गाळतात. पहिल्या तीन वेळी मीही गाळली होती. जाताना सोबत काय न्यायचे ते लिहून ठेवा:

– गेल्या वर्षभरातले रक्ताचे अहवाल: उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी, कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड. नसतील तर कोणते करायचे ते डॉक्टरांनाच विचारा.
– चालू असलेली सगळी औषधे, पाकिटांसकट. टॉनिके, जडीबुटीची चूर्णे, चिठ्ठीशिवाय घेतलेल्या गोळ्या, सगळे.
– वजनाचा इतिहास एका कागदावर: कोणत्या वयात किती होते, कधी एकदम वाढले, तेव्हा आयुष्यात काय चालले होते.
– आई-वडील, भावंडांना मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असल्यास त्याची नोंद.
– झोपेत घोरता का, श्वास अडकून दचकून जागे होता का, हे घरच्यांना विचारून.

औषधांवर इतका भर देण्याला दोन कारणे आहेत. काही औषधांनीच वजन वाढते: स्टिरॉइड, इन्सुलिन, मधुमेहावरच्या काही जुन्या गोळ्या, मानसिक आजारांवरची काही औषधे, फिट्सवरचे व्हॅल्प्रोएट. ती स्वतःहून मुळीच बंद करू नका; पर्याय आहे का एवढे विचारा, पुष्कळदा असतो.

दुसरे कारण अधिक तातडीचे आहे. खाणे कमी झाले की औषधाची जुनी मात्रा जड होते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी चालू असताना जेवण निम्मे केले तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या घेत असाल (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही त्यांतली नावे) आणि एकदम कर्बोदके सोडलीत, तर रक्तात आम्ल साठून रुग्णालयात भरती होण्याची वेळ येऊ शकते. रक्त पातळ करणारे वॉरफरिन चालू असेल तर हिरव्या पालेभाज्या अचानक दुप्पट केल्याने त्याचा परिणाम बिघडतो. माझ्या बाबतीत रक्तदाबाची गोळी होती. दुसऱ्या वेळी मी कुणाला न विचारता खाणे आणि मीठ दोन्ही कमी केले, गोळी तशीच चालू ठेवली आणि एका सकाळी पलंगावरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडले. मनगटाला प्लास्टर लागले. डॉक्टरांना आधी एक प्रश्न विचारला असता तर ते टळले असते.

३. साहित्य

फार काही लागत नाही. वजनकाटा, शिवणाचा टेप, ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला छोटा काटा, मापाचे चमचे आणि एक वही. फोनवरची अ‍ॅप चालतात, पण वहीत लिहिताना हात थबकतो आणि तेच हवे असते. महागडी पावडर, चहा, पट्टे यांतले काहीही विकत घेऊ नका.

४. दोन आठवडे काहीही बदलू नका, फक्त लिहा

मला विचाराल तर सगळ्यात मोलाची पायरी हीच. जे तोंडात जाते ते सगळे, वेळेसकट, शक्य तिथे वजन करून लिहायचे. स्वयंपाक करताना चाखलेले, मुलांच्या ताटात उरलेले, उभ्या उभ्या खाल्लेले, तेही. शेजारी एक शब्द आणखी: भूक, कंटाळा, राग, समोर होते म्हणून.

आपण किती खातो याचा आपला अंदाज किती चुकतो, यावर १९९२ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ‘कमी खाऊनही वजन उतरत नाही’ अशी तक्रार असलेल्या लोकांचा खरा ऊर्जाखर्च मोजला, तेव्हा त्यांची चयापचय क्रिया मंद नव्हती. ते प्रत्यक्षात खात होते त्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी सांगत होते. त्यांना खोटारडे समजू नका. खाणे लक्षात राहत नाही आणि मापे डोळ्यांनी कळत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. मीही शपथेवर सांगितले असते की मी दिवसाला चौदाशे कॅलरी खाते. वही म्हणाली साडेबावीसशे.

माझ्या वहीत दोन चोर सापडले. पहिला तेल. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलीलिटरमध्ये, सुमारे १२० कॅलरी असतात. बाटलीतून थेट ओतण्याच्या सवयीमुळे माझ्या वाट्याला रोज पाच चमचे येत होते. चमच्याने मोजून ते अडीचवर आणले तेव्हा ताटातला एकही पदार्थ न हलवता ३०० कॅलरी गेल्या. दुसरा चोर चहा. चार कप, दर कपात दोन लहान चमचे साखर, म्हणजे ३२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या. २,००० कॅलरींच्या आहारात ते ५० आणि २५ ग्रॅम होतात. माझ्या नुसत्या चहानेच पंचविशी ओलांडली होती. तुमचे चोर वेगळे असतील. ते तुमच्याच वहीत सापडतील, दुसऱ्याच्या तक्त्यात सापडणार नाहीत.

५. मात्रा ठरवा

शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा रोज ५०० ते ७५० कॅलरी कमी खाव्यात, अशी शिफारस अनेक वैद्यकीय संस्था करतात. ढोबळमानाने स्त्रियांसाठी १,२०० ते १,५०० आणि पुरुषांसाठी १,५०० ते १,८०० कॅलरींचा आहार. उंची, वय, काम यांप्रमाणे हे बदलते, म्हणून आकडा आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या. मला १,५५० दिले होते. मी १,२०० वर उतरायला तयार होते, पण त्यांनी साफ नकार दिला. ‘वर्षभर पाळता येईल तो आकडा सांगा,’ म्हणाल्या.

८०० कॅलरींच्या आसपासचे आहारही उपचारात वापरतात. ब्रिटनमध्ये मधुमेहाच्या रुग्णांवर झालेल्या डायरेक्ट या चाचणीत तीन ते पाच महिने सुमारे ८५० कॅलरींचे सूप आणि शेक दिले. वर्षअखेरीस ४६ टक्के रुग्णांची साखर औषधाविना मधुमेहाच्या पातळीखाली होती. पण पहिल्याच दिवशी त्यांची मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे डॉक्टरांनी थांबवली होती आणि पुढे नियमित तपासण्या होत होत्या. हे घरी एकट्याने करायचे काम नाही. झपाट्याने वजन उतरवल्यास पित्ताशयात खडे होतात, स्नायू झिजतात, केस गळतात.

ध्येय लहान ठेवा. सुरुवातीच्या वजनाच्या ५ ते १० टक्के, सहा महिन्यांत. ९२ किलोंच्या माणसासाठी साडेचार ते नऊ किलो. ऐकायला कमी वाटते, पण एवढ्यानेच रक्तदाब, साखर, ट्रायग्लिसराइड सुधारू लागतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंध अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांना ७ टक्के वजन घटवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करण्याचे ध्येय दिले होते. त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी दिलेल्यांत ते ३१ टक्क्यांनी घटले. आहार हे खरोखरच औषध आहे, हे मी यावरून मानते. माझा बीएमआय आजही ३० च्या किंचित वर आहे. पण रक्तदाबाची गोळी निम्मी झाली आणि जिना चढताना गुडघे धरावे लागत नाहीत.

६. कोणता आहार?

कर्बोदके कमी करायची की चरबी? उपास करायचे की सहा वेळा खायचे? यावर लोक हमरीतुमरीवर येतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासात ६०९ जणांना दोन गटांत वाटले होते, एक कमी चरबीचा, दुसरा कमी कर्बोदकांचा. वर्षानंतर पहिल्या गटाचे सरासरी ५.३ किलो उतरले होते, दुसऱ्याचे ६ किलो. हा फरक नगण्य ठरला. दोन्ही गटांत काहींचे पंचवीस किलोंहून अधिक उतरले आणि काहींचे उलट वाढले. दोन्ही गटांना साखर आणि मैदा टाळायला, भाज्या भरपूर खायला, शक्यतो घरी शिजवायला सांगितले होते, हेही ध्यानात ठेवा.

दिवसातले ठरावीक आठच तास खाण्याचेही तसेच. चीनमध्ये १३९ जणांवर वर्षभर झालेल्या चाचणीत नुसत्या कॅलरी कमी करणाऱ्या गटापेक्षा त्याने जास्त फायदा दिसला नाही. रात्री उशिरा चरण्याची सवय असेल त्याला मात्र घड्याळाची हद्द उपयोगी पडते. माझ्या बहिणीला पडली. मला नाही पडली, सकाळी उपाशी राहिले की दुपारी मी दुप्पट जेवत असे. तेव्हा तत्त्व बाजूला ठेवा आणि स्वतःला एकच विचारा: हे मी दोन वर्षांनीही करत असेन का? उत्तर डळमळीत असेल तर तो आहार तुमचा नव्हे.

७. ताट भरा, पण कशाने?

खाणे कमी करायचे म्हटले की आपण ताट छोटे करतो. पोटाला मात्र कॅलरी मोजता येत नाहीत. त्याला आकारमान आणि वजन कळते. १०० ग्रॅम काकडीत सुमारे १५ कॅलरी, उकडलेल्या बटाट्यात ८५ च्या आसपास, तळलेल्या बटाट्याच्या कापांत पाचशेच्या वर. बटाटा तोच, पाणी गेले आणि तेल आले. १९९५ मध्ये सिडनी विद्यापीठात ३८ पदार्थ सारख्याच कॅलरींच्या मापात देऊन कोण किती वेळ तृप्त राहते ते तपासले, तेव्हा पहिला क्रमांक उकडलेल्या बटाट्याचा आला. पांढऱ्या ब्रेडच्या तिपटीहून जास्त. बटाटा हा वजनाचा शत्रू, असे मी वीस वर्षे समजत होते.

ताटाची मांडणी अशी करा. निम्मे ताट भाज्यांचे, कच्च्या आणि शिजवलेल्या. दिवसभरात भाज्या आणि फळे मिळून ४०० ग्रॅम तरी व्हावीत. पाव ताट प्रथिनांचे. उरलेले पाव धान्याचे, शक्यतो कोंडा न काढलेले. फळ चावून खा, रस काढू नका. रसात चोथा जातो, साखर राहते, आणि तीन संत्री एका घोटात संपतात.

प्रथिनांवर थोडे थांबते, कारण इथे माझी मोठी चूक झाली होती. वजन उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. पहिल्या तीन वेळी मी सूप आणि कोशिंबिरीवर राहिले, वजन उतरले, पण अंगात त्राण उरले नाही. परत वाढले ते बहुतेक चरबीच्या रूपात. प्रथिने स्नायू राखायला मदत करतात आणि भूकही जास्त वेळ थोपवतात. मला रोज ७५ ते ८० ग्रॅम सांगितली होती आणि सोबत आठवड्यातून दोनदा वजने उचलण्याचा व्यायाम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, १०० ग्रॅम शिजवलेल्या कडधान्यात ८ ते ९, एक मोठा पेला दुधात ८, १०० ग्रॅम शिजवलेल्या मासळीत किंवा कोंबडीत २० च्या वर. बेरीज करून पाहा, नुसत्या भात-भाजीवर ती होत नाही. ती तिन्ही जेवणांत वाटून घ्या. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्या.

कारखान्यात तयार होऊन पाकिटात येणाऱ्या पदार्थांविषयी मी पूर्वी ढिली होते. २०१९ च्या एका प्रयोगाने मत बदलले. केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० जणांना महिनाभर ठेवून घेतले. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले अन्न, दोन आठवडे साधे. पुढ्यात ठेवलेल्या कॅलरी, साखर, चरबी, चोथा दोन्हीकडे सारखे, आणि हवे तेवढे खायची मुभा. पाकिटातल्या अन्नावर लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि जवळपास किलोभर वाढले. साध्या अन्नावर तेवढेच उतरले. तेव्हापासून अशी पाकिटे घरातच आणत नाही. घरात ठेवून रोज स्वतःशी झगडण्यापेक्षा दुकानात एकदा नकार देणे सोपे जाते.

इथले सापळे:

– पाकिटावरचा मोठा आकडा ‘एका वाढणीचा’ असतो आणि पाकिटात तीन वाढण्या असतात. नेहमी १०० ग्रॅमचा रकाना वाचा.
– ‘साखरमुक्त’ बिस्किटात तूप-तेल असतेच. ‘कमी चरबी’च्या डब्यात चवीसाठी साखर वाढवलेली असू शकते.
– दाणे-बदाम चांगलेच, पण १०० ग्रॅमला जवळपास ६०० कॅलरी. मूठ मोजून घ्या, डबा पुढ्यात घेऊन बसू नका.
– मद्याच्या दर ग्रॅमला ७ कॅलरी असतात, शिवाय त्यासोबतचे तळलेले.
– रोज ५०० कॅलरी वाचवून सहा दिवसांत ३,००० वाचतात. ‘आज सुट्टी’ म्हणत सातव्या दिवशी त्यातल्या दोन हजार परत खाणे अगदी सहज जमते.

८. भुकेशी भांडू नका, तिची व्यवस्था लावा

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे पावपट घटले. त्याबरोबर ते चिडचिडे झाले, रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तके जमवू लागले. मनाने खंबीर म्हणून निवडलेली माणसे होती ती. तुम्हाला तिसऱ्या आठवड्यात फ्रिजसमोर उभे असल्याचे भान आले तर तो चारित्र्याचा दोष नव्हे, शरीर आपले काम करत आहे.

त्यामागची यंत्रणा आज बरीच कळली आहे. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक सोडतात. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने त्याचे जनुक शोधले. चरबी घटली की लेप्टिन घटते आणि मेंदूला दुष्काळाची वर्दी जाते. जठरातले घ्रेलिन वाढून भूक चेतवते. २०११ च्या एका अभ्यासात हे बदल वजन उतरल्यावर वर्षभरानंतरही तसेच टिकलेले दिसले. म्हणून ‘भूक मारायला शिका’ हा सल्ला ऐकू नका. पोटात कावळे ओरडायच्या आधी जेवा, वेळा बांधून घ्या, संध्याकाळच्या घसरगुंडीच्या वेळी प्रथिनांचे काहीतरी तयार ठेवा. आणि झोपा. झोप कमी झाली की भूक वाढते आणि ओढ गोडाकडे, तेलकटाकडे जाते. माझ्या वहीतले सगळ्यात वाईट दिवस पाच तास झोपलेल्या रात्रींनंतरचे आहेत.

९. काटा वाचायला शिका

आठवड्यातून एकदा किंवा रोज, पण सकाळी, शौचाहून आल्यावर, काही खाण्याआधी. रोज घेत असाल तर आठवड्याची सरासरी काढा. पहिल्या आठवड्यातले दोन-तीन किलो पाहून हुरळून जाऊ नका. शरीरातला ग्लायकोजेन, म्हणजे साठवून ठेवलेली साखर, खर्च होतो आणि त्याला धरून असलेले तिप्पट-चौपट पाणी जाते. तेच पाणी एका खारट जेवणाने परत येते, तेव्हा खचूही नका. पाळीच्या आधी किलो-दीड किलो वाढणे नेहमीचे. घेर महिन्यातून एकदा मोजा.

१०. वजन अडते तेव्हा

अडणारच. मी ८१ वर अडीच महिने अडकून होते. ‘एक किलो चरबी म्हणजे ७,७०० कॅलरी, तेव्हा रोज ५०० कमी केल्या की दर पंधरवड्याला एक किलो’ हे गणित कायम चालत नाही, कारण हलक्या शरीराला ऊर्जा कमी लागते आणि ते काटकसरही करू लागते. तेव्हा उपाशी राहायला धावू नका. आधी वही पुन्हा ग्रॅममध्ये लिहा. माझी मापे नकळत सैल झाली होती. मग चालणे वाढवा. एवढे करूनही हलले नाही तर डॉक्टरांकडे परत जा.

आणि औषध किंवा शस्त्रक्रिया सुचवली तर पराभव समजू नका. आहाराने प्रत्येकाचे पुरेसे उतरत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सेमाग्लुटाइड या इंजेक्शनाने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरले, आणि ते घेणाऱ्यांनाही कमी कॅलरींचा आहार होताच. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश परत आले. या इंजेक्शनांवर भूक फार कमी लागते, त्यामुळे प्रथिने आणि पाणी आठवणीने घ्यावे लागते. जठराच्या शस्त्रक्रियेनंतर जीवनसत्त्वे आणि खनिजे आयुष्यभर घ्यावी लागतात. वाट कुठलीही निवडली तरी ताटाकडे लक्ष द्यावेच लागते.

११. टिकवण्याचा वेगळा तक्ता करा

उतरवण्याचा तक्ता संपला की बहुतेक लोक हात झटकतात. इथेच मी तीनदा बुडाले. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची नोंद ठेवली जाते ज्यांनी किमान १३.६ किलो उतरवून ते वर्षभर तरी टिकवले. त्यांच्या सवयींत साम्य आढळते: बरेच जण आठवड्याला तरी वजन घेतात, न्याहारी चुकवत नाहीत, आठवड्याचे सातही दिवस सारखेच खातात आणि रोज सुमारे तासभर अंग हलवतात. वजन उतरवताना जास्त भार आहार उचलतो. टिकवताना चालण्याचा वाटा मोठा होतो.

माझा तक्ता एवढाच आहे. रोज १,७५० च्या आसपास कॅलरी, तेल चमच्याने, पन्नास मिनिटे चालणे, रविवारी सकाळी वजन. हद्द ७८ किलो. ती ओलांडली की वाट न पाहता दोन आठवडे वही. गेल्या वर्षी तापातून उठल्यावर दोन महिने चालणे बंद होते आणि एका रविवारी काट्याने ७८.४ दाखवले. त्याच दिवशी वही काढली. तिसऱ्या दिवशी कळले की दुपारच्या चहात साखर परत आली होती आणि घाईच्या सकाळी तेल पुन्हा बाटलीतून थेट कढईत जात होते. चमचा बाटलीच्या गळ्याला दोरीने बांधून ठेवला. सात आठवड्यांनी काटा ७६.५ वर आला.